बेड नंबर सात के अटेंडर

दादाला व्हेंटिलेटरवर घेतलं त्या रात्री बर्मिंगहॅमहून सईचा फोन आला. सई माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. तिकडे भूलतज्ज्ञ आहे आणि तिची निम्मी नोकरी आयसीयूतच जाते. तिला सांगायचं म्हणून मी सगळं मनात लावून ठेवलं होतं. न्यूमोनिया दोन्ही बाजूंना आहे, ऑक्सिजन किती लागतोय, कुठलं अँटिबायोटिक बदललं, मोठे डॉक्टर राउंडला काय म्हणाले. ती मधूनमधून नुसती "हं" करत होती. माझं सांगून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "मावशी, मामाच्या सिस्टरकडे आणखी किती पेशंट आहेत?"

हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. डॉक्टरांची डिग्री कुठली, हे अनिकेतनं बापाला दाखल करायच्या आधीच शोधून काढलं होतं. दाराच्या काचेतून व्हेंटिलेटरवरचं कंपनीचं नाव वाचून त्यानं त्याची किंमतही मोबाइलवर पाहिली होती, आणि यंत्र जर्मन आहे हे कळल्यावर आम्हा सगळ्यांना उगाचच जरा धीर आला होता. सिस्टर म्हणजे आमच्या लेखी निळ्या कपड्यांत आतबाहेर करणारं कुणीतरी. "विचारून सांगते," म्हणून मी फोन ठेवला. वहिनी बाकावर पाय पोटाशी घेऊन पडली होती. तिनं डोळे न उघडताच विचारलं, "काय म्हणते सई?" मी म्हटलं, "काही नाही, चौकशी करत होती."

सकाळी भेटीच्या वेळात विचारलं. भेट म्हणजे एका वेळी एकच जण, तोही दहा मिनिटं. खुंटीवरचा निळा गाऊन चढवायचा, आधीच्या माणसाच्या अंगाची ऊब अजून त्यात असायची. सॅनिटायझर चोळत गार हवेत शिरायचं. कोट्टायमकडची एक मुलगी दादाच्या तोंडातून नळीनं कफ ओढत होती. मी विचारल्यावर हातमोजा काढता काढता म्हणाली, "अभी चार हैं, आंटी. रात में छह भी हो जाते हैं." आवाजात तक्रार नव्हती. तेवढ्यात पलीकडच्या बेडचा मॉनिटर कोकलायला लागला आणि ती गेलीसुद्धा.

सईला कळवलं. बराच वेळानं तिचं उत्तर आलं: "आमच्याकडे व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक नर्स असते. एकाला एक."

काचेबाहेर बसून राहिलं की या आकड्यांचा अर्थ कानाला कळायला लागतो. व्हेंटिलेटरचा अलार्म वेगळा, सलाइनच्या पंपाचा वेगळा, ऑक्सिजन उतरला की वाजणारा तिसराच. अलार्म वाजला की बाहेरचे सगळे माना वर करतात, आणि तो थांबेपर्यंत कुणी बोलत नाही. तो किती वेळ वाजत राहतो हे यंत्राच्या हातात नसतंच. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, तोंड पुसणं, अर्धवट उघड्या राहिलेल्या डोळ्यांत मलम घालणं, लघवीची पिशवी मोजणं, कफ ओढणं, औषधाचा थेंब वरखाली करणं, यातलं कुठलंच काम ते जर्मन यंत्र करत नाही. ऑस्ट्रेलियातही एकाला एक असाच रिवाज आहे. अमेरिकेत साधारण दोघांमागे एक, आणि कॅलिफोर्नियानं तर हे कायद्यातच घालून टाकलंय. २००४ पासून तिथं आयसीयूतल्या एका नर्सला दोनाहून जास्त रुग्ण देता येत नाहीत. आमच्या सिस्टरच्या हातून चूक झाली असं मला म्हणायचं नाही. ती चौघांमध्ये ज्या वेगानं फिरत होती ते पाहून मलाच धाप लागायची.

कोविडच्या दिवसांत आपण सगळेच बेड मोजायला शिकलो. २०२० च्या एप्रिलमध्ये भारतासाठी एक अंदाज सगळीकडे फिरत होता: सुमारे ९५ हजार आयसीयू बेड आणि ४८ हजार व्हेंटिलेटर. त्यातले जवळजवळ ५९ हजार बेड खासगी रुग्णालयांत. पुढे मी तो अहवाल नीट वाचला तेव्हा कळलं की हे बेड कुणी जाऊन मोजलेलेच नव्हते. देशातल्या एकूण खाटांपैकी पाच टक्के आयसीयूच्या असतील आणि त्यातल्या निम्म्यांना व्हेंटिलेटर असेल असं धरलं होतं, त्यावरून पुढचा गुणाकार. युरोपात मात्र खरोखरची मोजणी झाली, ती २०१२ मध्ये छापून आली. जर्मनीत लाखामागे २९ बेड, पोर्तुगालमध्ये चार, ब्रिटनमध्ये साडेसहाच्या आसपास. आपला तो धरलेला आकडा लोकसंख्येनं भागला तर लाखामागे सातच्या जवळ येतो, म्हणजे कागदावर आपण ब्रिटनच्या बरोबरीचे. अनिकेत हे ऐकून खूश झाला होता. पण त्याच एप्रिलमध्ये लंडनला काय झालं तेही पाहायला हवं. एका प्रदर्शन केंद्रात नऊ दिवसांत प्रचंड तात्पुरतं रुग्णालय उभं केलं, चार हजार खाटांपर्यंत वाढवता येईल असं. पहिल्या लाटेत तिथं उपचार झाले जेमतेम पन्नासएक रुग्णांवर. इतर रुग्णालयांनी कसंबसं निभावलं हे त्याचं एक कारण. दुसरं कारण, व्हेंटिलेटरशेजारी उभ्या राहतील अशा शिकलेल्या नर्स कुठून आणायच्या याला उत्तर नव्हतं. खाट नऊ दिवसांत होते. कोट्टायमच्या त्या मुलीला तयार व्हायला किती वर्षं लागली असतील?

आमचं काम होतं कॉरिडॉरमध्ये. इंदुरातल्या मोठ्या रुग्णालयांचे कॉरिडॉर म्हणजे अख्खा माळवा आणि निमाड. देवास, धार, झाबुआ, बडवानी, खरगोन. चटया, स्टीलचे डबे, मोबाइलच्या चार्जरसाठी लागलेली रांग, कोपऱ्यात तूर डाळीचा वास. आणि लाउडस्पीकर. "बेड नंबर सात के अटेंडर, काउंटर पर आइए." सात नंबर म्हणजे आम्ही. दर हाकेला पोटात खड्डा. बहुतेक वेळा ती पर्ची असायची: इंजेक्शन, हातमोजे, डायपर, कफ ओढायच्या नळ्या. पर्ची घेऊन खालच्या मेडिकलला पळायचं, पिशवी आणून दारावरच्या गार्डच्या हातात द्यायची, रसीद जपून ठेवायची. कधी रक्ताचा नमुना घेऊन लॅबमध्ये, कधी दोन युनिट रक्तासाठी माणसं गोळा करायची, संध्याकाळी डिपॉझिट भरायचं. सईला हे सांगितलं तर तिला खरंच वाटेना. "औषध तुम्ही आणता? वॉर्डातलं?" तिच्याकडे नातेवाईक काही आणत नाहीत आणि काही भरत नाहीत. ते येतात आणि खुर्चीवर बसतात. कुणी पायांना क्रीम लावतं, कुणी वर्तमानपत्र वाचून दाखवतं.

इकडे सगळं उलटं. आमच्याशिवाय ते आयसीयू एक रात्र चाललं नसतं, आणि तरी दारावर पाटी होती, "भीड न करें".

माझ्या लहानपणी आजी एम. वाय. हॉस्पिटलमध्ये होती, ती आठवण त्या बाकावर सारखी यायची. सत्तरच्या दशकातली गोष्ट. जनरल वॉर्ड, उंच छत, फिनाइल, आणि आजीच्या उशाशी माणसाएवढा काळा ऑक्सिजनचा सिलिंडर. आई, काकू आणि मोठी आत्या पाळीपाळीनं राहायच्या. रामबागेतून डबा यायचा. खाटेखाली काकूची वळकटी असे. आजीला कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर लावायची, ओल्या फडक्यानं ओठ पुसायचे हे सगळं घरचीच माणसं करत आणि सिस्टर येऊन बघून जाई. आजी त्या वॉर्डातच गेली. आजच्या आयसीयूत ती वाचली असती असं सई म्हणते, आणि मला ते पटतं. तेव्हा चांगलं होतं असं मी अजिबात म्हणणार नाही. काकूच्या हातांना जंतुनाशक लागलं असेल की नाही देव जाणे. पण आजीला कुणी एकटं ठेवलं नव्हतं हेही खरंच आहे, आणि या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारीशेजारी बसतात, भांडत नाहीत.

आमच्या बाकासमोर धार जिल्ह्यातल्या मनावर गावाकडचा एक कापूसवाला शेतकरी होता. बाळंतपणानंतर बायकोच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला होता. बाळ गावी आजीजवळ. योजनेचं कार्ड घरी राहिलं होतं, ते आलं तर त्यावरचं नाव जुळेना. रोज संध्याकाळी तो मला विचारायचा, "माताजी, मशीन पर है मतलब खतम तो नहीं न?" एका दुपारी पैसे संपले. आपल्या मर्जीनं नेत आहोत अशा कागदावर त्यानं सही केली. वॉर्डबॉयनं त्याच्या धाकट्या भावाला कॉरिडॉरमध्येच अंबू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायची रबरी पिशवी, दाबायला शिकवलं. दाबो, छोड़ो, दो गिनो, फिर दाबो. मुलगा विशीतला, घामाघूम. रस्ता तीनेक तासांचा. पुढं काय झालं ते मला माहीत नाही. ॲम्ब्युलन्सचं दार लागताना तो मान खाली घालून आकडे मोजत होता एवढंच पाहिलं.

ती रबरी पिशवी मूळची डेन्मार्कची, १९५६ सालची. होल्गर हेसे आणि हेनिंग रुबेन या दोघांनी ती काढली. आणि आयसीयू ही गोष्टच मुळात तिच्याही आधी तिथं, कोपनहेगनला, हातांतून जन्माला आली. १९५२ च्या पोलिओच्या साथीत ब्लेगडॅम रुग्णालयात रोज पन्नासेक रुग्ण येत होते. छाती लुळी पडलेल्यांसाठी अख्ख्या रुग्णालयात एक लोखंडी फुप्फुस, म्हणजे माणसाला आत झोपवून श्वास देणारं पिंप, आणि सहा छोटी यंत्रं. त्यांवर ठेवलेल्या पहिल्या ३१ पैकी २७ रुग्ण गेले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला सर्जनकडून छिद्र पाडून घेतलं, नळी घातली आणि पिशवी दाबून तिला हातानं श्वास दिला. ती जगली. मग वैद्यकीय महाविद्यालयांतून विद्यार्थी बोलावले, हळूहळू दीड हजारांच्या आसपास. पाळ्या लावून, रात्रंदिवस, एकेका रुग्णाच्या उशाशी एकेक जण पिशवी दाबत बसला. एका वेळी सत्तर सत्तर रुग्ण असे हातांवर तगले. दहांतले आठ-नऊ दगावत होते, ते प्रमाण घसरत चौघांत एकापर्यंत आलं. पुढच्याच वर्षी, १९५३ च्या डिसेंबरात, इब्सेननं शहरातल्या दुसऱ्या रुग्णालयात फक्त अशा रुग्णांसाठी वेगळा वॉर्ड सुरू केला. म्हणजे एकाला एक ही आज श्रीमंत देशांची चैन वाटते, पण पहिल्या दिवशी आयसीयूमध्ये दुसरं काही नव्हतंच. यंत्र नंतर आलं, आणि आलं तसं उशाशी बसलेल्या माणसाला उठवायला लागलं.

गरिबीतून नुसती हतबलताच येते असंही नाही. ढाक्याला डॉ. मोहम्मद जोबायर चिश्ती यांनी न्यूमोनियाच्या लहान मुलांसाठी शाम्पूच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून, त्यात नळी बुडवून श्वासाला दाब देणारं उपकरण तयार केलं. २०१५ मध्ये त्याचे निकाल छापून आले. साध्या ऑक्सिजनवर शंभरांतली पंधरा मुलं जात होती, बाटलीवर चार. ही बातमी मी कॉरिडॉरमध्ये दोघातिघांना वाचून दाखवली. एक जण म्हणाला, "तो हमारे यहाँ क्यों नहीं लगाते?" बाटली एकटी काही करत नाही, ती बघायला शिकलेलं माणूस लागतं, हे मला सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

मनावरच्या त्या बाईला घरी नेलं ते मला कित्येक दिवस खुपत राहिलं. मग कळलं की तैवानमध्ये शेवटच्या घडीला रुग्णाला नळीसकट घरी नेण्याची रीतच आहे, म्हणजे मरण घरच्या छताखाली यावं. न्यूझीलंडमध्ये माओरी कुटुंबांसाठीही काही रुग्णालयं अशी सोय करतात, सोबत नर्स पाठवून. वरवर एकच दृश्य. पण तिथं सगळे उपचार करून झाल्यावर घर निवडलं जातं आणि इथं डिपॉझिटच्या काउंटरनं ते निवडलं. यंत्र कधी थांबवायचं याबद्दल तर जगाचं अजिबात एकमत नाही. युरोपातल्या १७ देशांत एक पाहणी झाली, ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. उत्तरेकडे उपचार काढून घेण्याचा निर्णय जास्त, दक्षिणेकडे शेवटपर्यंत छाती दाबत राहण्याकडे कल. इस्रायलच्या २००५ च्या कायद्यात सुरू असलेलं व्हेंटिलेटर बंद करायला मनाई आहे, पण सुरूच न करण्याला परवानगी, म्हणून टायमर लावायची तोड काढली. ठरावीक वेळेनं यंत्र थांबेल, पुन्हा सुरू करायचं की नाही ते तेव्हा ठरवा. हे वाचून मला आधी हसू आलं, मग आलं नाही.

दादाची नळी निघाली. आवाज घोगरा झाला, दाढी पांढरी वाढलेली, पण माणूस परत आला. घरी आणल्यावर कळलं की तो आत कुठं होता. तो कालाकुंड स्टेशनवर होता. खंडव्याच्या जुन्या मीटरगेजवर घाट चढायला गाडीला मागून दुसरं इंजिन लावत, ते त्याच्या लहानपणचं कौतुक. तर गाडी उभी आहे, मागचं इंजिन येत नाही, डब्यात गारठा, आणि निळ्या कपड्यांतले तिकीट तपासनीस त्याला विनातिकीट म्हणून हात बांधून बसवतात. सांगता सांगता तो मनगटं चोळायचा. मनगटांवर खरंच वळ होते. नळी उपसू नये म्हणून त्याचे हात खाटेला पट्टीनं बांधलेले मी पाहिले होते, आणि पाहून मला बरंच वाटलं होतं, की चला, सुरक्षित आहे. सईला विचारलं. ती म्हणाली, तिच्याकडे हात सहसा बांधत नाहीत, फार तर जाड मिटन घालतात. "तिथं नर्स बसलेलीच असते गं मावशी. हात वर गेला की ती धरते." सहा पेशंटची सिस्टर कुणाकुणाचा हात धरणार? आणि धरायला मोकळे असलेले आम्ही दोन भिंतींपलीकडे हातमोज्यांच्या रसिदा जुळवत बसलो होतो.

डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनकडे नर्स रुग्णाच्या नावानं एक वही लिहितात. आज तुम्हाला कुशीवर वळवलं, बाहेर बर्फ पडतंय, मुलगी येऊन गेली. शुद्धीवर आल्यावर माणसानं ती वाचायची, म्हणजे मधले हरवलेले दिवस सापडतात. माझ्याजवळ पर्चीच्या मागे खरडलेल्या नोंदी होत्या, त्या मी दादाला तारीखवार वाचून दाखवल्या. इंजेक्शनांच्या किमती ऐकून तो अस्वस्थ झाला, बाकी सगळ्याला नुसता मान हलवत होता. कालाकुंड त्याला जास्त खरं वाटत होतं. अजूनही वाटतं बहुधा.

सईचं तरी सगळं आलबेल कुठं आहे. २०२० मध्ये तिनं व्हिडिओ कॉलसाठी टॅबलेट धरून लोकांच्या बायकामुलांना निरोप घ्यायला लावले, कारण तिथंही दारं बंद होती. त्याबद्दल ती आजही बोलत नाही. मागच्या दिवाळीत आली होती तेव्हा आम्ही दोघी राजवाड्यावर पोहे खात उभ्या होतो. तिला म्हटलं, आमच्याकडे एकाला एक नर्स कधी मिळणार ते राहू दे, पण घरच्या एका माणसाला हात धुवायला शिकवून आत खुर्ची द्यायला काय हरकत आहे? ती म्हणाली, हरकत कुणाचीच नसेल, पण मग बाहेर पर्ची घेऊन कोण पळणार? हे मात्र मला सुचलं नव्हतं.

आता दादानं इच्छापत्र लिहायला घेतलंय. पैशांचं नव्हे, उपचारांचं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ते मान्य केलं तेव्हा त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतो. दादा सांगतो, मी उतरवून घेते. सुधारण्याची आशा नसेल तर नळी नको, ते पहिलं कलम. हात बांधू नयेत, ते दुसरं. तिसरं सांगताना त्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज चढवला, "आणि सौ.ला आत बसू द्यावं."

आतून लगेच उत्तर आलं, "माझं नाव घालू नका. मला ते बघवत नाही. वन्संचं घाला."

माझं नाव घातलं. नोटरीकडे जायचं राहिलंय. अनिकेत म्हणतो रविवारी जाऊ, पण रविवारी नोटरी कुठला उघडा असतो?